वरून मारायची हाक

दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, त्या दिवशीच्या पेपरात नव्या रोलर कोस्टरची आणि हुरडा महोत्सवाची जाहिरात होती. भिकाजींनी ती कापून ठेवली.

जत्रेतल्या उंच पाळण्याचं तिला वेड. भिकाजी भित्रे, तिच्या चपला धरून खाली थांबायचे. एरवी 'अहो' म्हणणारी ती वरून मात्र खुशाल ओरडायची, "भिकाजीऽ!" त्यांनी तिला कधी 'अगं'पलीकडे हाक मारली नव्हती.

आज ते त्या रोलर कोस्टरच्या रांगेत उभे राहिले.

"आजोबा, हुरडा खाऊन आलात का? सगळा बाहेर येईल," पट्टा आवळणारी मुलगी म्हणाली.

"उपाशी आलोय. एक नाव घ्यायचंय वरून."

गाडी शिखरावरून सुटली. भिकाजींच्या तोंडून फक्त "आई गंऽ!" निघालं.

गाडीतून उतरून ते पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. तिचं नाव घ्यायचं अजून राहिलं होतं.