अर्ध्या वाराची बदकं

"आई, द डक्स आर अपसाइड डाउन!"

शाळेच्या जिमबाहेर, कॉरिडॉरच्या भिंतीला पाठ चिकटवून रुपाली उभी होती. तिसरीतली पोर, डोळे भरलेले, आणि कॉन्सर्ट सुरू व्हायला आलेली. नव्या फ्रॉकवरची बदकं समोरून अगदी शहाण्यासारखी उभी होती, गळ्यात निळ्या रिबिनी बांधून. शहाऐंशी साली अमेरिकेतल्या शॉमबर्गमध्ये ज्याच्या त्याच्या किचनमध्ये हीच बदकं होती, ती आता गाणाऱ्या मुलींच्या कॉयरमध्येही शिरली होती. रुपालीच्या पाठीवरची मात्र सगळी डोकी खाली, पाय वर. हे पहिल्यांदा वर्गातल्या जेनीला दिसलं, आणि तिने ते लगेच सांगितलं.

"पाठ कोण बघतंय?" पद्मिनी म्हणाली. "गाणं तोंडाने म्हणतात."

चारुदत्तने खांद्यावरचा व्हिडिओ कॅमेरा खाली घेतला. "अगं, कापताना लक्षात नाही आलं तुझ्या?"

"आलं की."

"मग?"

"अहो, फ्रॉक वर अरुंद, खाली घेर. दोन्ही भाग सरळ ठेवले की मधलं कापड फुकट जातं. मागचा भाग उलटा ठेवला तर दोन्ही शेजारी शेजारी चपखल बसतात. अर्धा वार सबंध निघाला!" हे सांगताना, अशा वेळीसुद्धा, तिचा चेहरा खुलला.

शाळेने सगळ्या मुलींना सारखंच कापड दिलं होतं. बाकीच्या आयांनी त्यातून फ्रॉक शिवले आणि उरलेले तुकडे कचऱ्यात टाकले. पद्मिनी सांगलीच्या शिवणक्लासात शिकलेली. कचऱ्यात कापड टाकायचं म्हटलं की तिचा हात धजत नसे. त्या अर्ध्या वारातून टोस्टरला झबलं झालं, उशीला अभ्रा झाला, आणि तरीही उरलं म्हणून नवऱ्याला टाय झाला. तो या क्षणी त्याच्या गळ्यात होता. नको म्हणायची त्याची छाती झाली नव्हती.

रुपालीने टायकडे बघून हुंदका दिला. "युअर डक्स आर फाइन, बाबा! आणि सेकंड साँगमध्ये आम्ही टर्न अराउंड करतो!"

हे पद्मिनीला माहीत नव्हतं.

तेवढ्यात म्युझिक टीचर मिसेस कॉवल्स्की आल्या आणि "इट्स टाइम, हनी," म्हणत रुपालीला घेऊन गेल्या. रुपाली शेवटपर्यंत भिंतीला पाठ घासत गेली.

पहिलं गाणं झालं. दुसऱ्या गाण्यात मुलींनी एकदम पाठ फिरवली. मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. मग शेजारचं हसलं, मग ते हसू रांगारांगांतून पुढे आलं. मुली परत वळल्या तेव्हा रुपालीचे कान लाल झाले होते आणि ती गात नव्हती, नुसते ओठ हलवत होती.

अर्ध्या वारासाठी आपण पोरीचं हसं केलं, पद्मिनीच्या मनात आलं. टोस्टरचं झबलं तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि घरी गेल्यावर ते आधी फाडून टाकायचं असं तिने ठरवून टाकलं.

"शूटिंग बंद करा," ती म्हणाली.

"संपलंच आता," चारुदत्त म्हणाला.

गाणी संपली, टाळ्या सुरू झाल्या. मिसेस कॉवल्स्कींनी मुलींना वाकून अभिवादन करायलाही शिकवलं होतं, आणि तेही अर्धवट नाही, हाताची बोटं थेट बुटांना लागेपर्यंत. सगळी रांग वाकली. डोकी खाली गेली आणि लोकांसमोर नुसत्या पाठी आल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या पाठींवरची बदकं आता डोक्यावर उभी होती. मधोमध एकाच पाठीवरची आपल्या पायांवर होती, गळ्यातल्या रिबिनींसकट.

पद्मिनी खुर्चीवरून ताडकन उठली.

"रुपू! तुझीच सुलटी आहेत गं! उठू नकोस!"

त्या अख्ख्या जिममध्ये मराठी समजणारी तीनच माणसं होती. त्यातल्या एकाच्या हातातला कॅमेरा हसण्याने गदागदा हलत होता.

बाकीच्या मुली उठून सरळ उभ्या राहिल्या. रुपाली वाकलेलीच राहिली.