होय म्हाराजा

“मॅडम, शेवटचा भाव बोला,” बाबलीने फोनवर पुन्हा सांगितलं आणि पडवीत जमलेल्या मंडळींना डोळा मारला.

मोटारसायकलचा विमा त्या दिवशी संपत होता. नवा विमा गेल्या वर्षीपेक्षा एक रुपयाने जरी महाग पडला, तर गाडी विकायची, असं त्याच्या बायकोने, सुभद्राने, सकाळीच जाहीर केलं होतं. “मगे एष्टीन फिरा,” ती म्हणाली होती. बाबलीचा त्या गाडीवर फार जीव होता. पोटच्या पोराला कधी त्याने इतकं न्हाऊ-माखू घातलं नसेल.

पण घाबरायचं कारण नव्हतं. घासाघीस करावी तर बाबलीनेच, हे सगळ्या वाडीला मान्य होतं. मासळी असो की लग्नाचा बस्ता, लोक त्याला सोबत घेऊन जात. त्याची रीत एकच. भाव ऐकायचा, “बरां” म्हणायचं आणि सावकाश चालू लागायचं. चार पावलं टाकली की मागून हाक येतेच.

या वेळी मात्र हाक येईना. मालवणात झालं, कुडाळात झालं, सावंतवाडीत झालं. एजंट चहा पाजत, वाढीव आकडा सांगत आणि पाठमोऱ्या बाबलीकडे बघत बसत. एकाने त्याला समजावलंसुद्धा, “काका, थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. कुठेही जा, तोच.” दर ठरलेला असला म्हणून भाव करायचा नाही, हे काही बाबलीला पटलं नाही. शेवटी त्याने एका कंपनीच्या फुकटच्या नंबरवर फोन लावला. आपली कला शेजाऱ्यांनीही ऐकावी म्हणून स्पीकर चालू केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पडवीत शेजारची नर्मदाकाकी होती आणि पलीकडच्या घरातला लिनो होता. लिनो रविवारी न चुकता चर्चला जायचा, पण गावच्या देवळात गाऱ्हाणं असलं की तिथेही हजर. मानकरी देवाला साकडं घालायचा आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव “होय म्हाराजा!” म्हणायचा. त्यात पहिला आवाज बाबलीचा असे. तो मान त्याच्या घराण्याचाच होता.

फोनवरच्या मुलीचं मराठी अगदी पुस्तकातलं होतं. “काका, सगळ्यात कमी दराचीच पॉलिसी बघू. त्यावर आणखी काय हवंय ते मी एकेक वाचते. मान्य असेल तर होय म्हणा. नको असेल तर नाही म्हणा.”

“वाचा,” बाबली म्हणाला. सगळ्याला नाही म्हणायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

मुलीने घसा साफ केला. मग तिचा आवाज थोडा खाली गेला, थोडा लांबला.

“तर आज ही जी काय मोटारसायकल आहे, ती वाटेत कुठे बंद पडली, चाक बसलं, पेट्रोल संपलं, तर असेल तिथे माणूस पाठवून तिची अडचण दूर करावी...”

“होय म्हाराजा!” बाबलीच्या तोंडून निघून गेलं.

“पुराचं पाणी इंजिनात शिरलं, इंजिन बिघडलं, तर त्याचा सगळा भार कंपनीने वाहावा...”

“होय म्हाराजा!” आता लिनोही होता.

“मागे जो कोणी बसेल, त्याच्या हातापायाला काही झालं, तर त्याचीही काळजी घ्यावी...”

“होय म्हाराजा!” नर्मदाकाकीने बसल्या जागी हात जोडले.

“आणि ही गाडी वर्षभर याच मालकाच्या नावावर, याच घरात सुखरूप राहावी...”

“होय म्हाराजा!” सुभद्रा चुलीपुढून धावत आली ती ओरडतच.

“धन्यवाद,” मुलगी म्हणाली आणि तिने आकडा सांगितला. तो गेल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त होता.

बाबलीला रडूच यायचं बाकी होतं.

“पैसे अजून भरलेले नाहीत, काका. नको असेल ते काढून टाकते.”

“काढा! सगळां काढा!”

“काढतलंस कसो?” नर्मदाकाकी कडाडली. “होय म्हाराजा म्हटलंस मा? देव आयकता. फोनवर म्हटलंस काय देवळात, ता तो बघणा नाय.”

लिनोने गंभीरपणे मान हलवली. या बाबतीत त्याचाही देव तसाच असावा.

“बरां,” सुभद्रा पदर खोचत म्हणाली. “मगे माझोय शब्द फिराचो नाय. उद्या गाडी इकूची.”

“तू इकतलंस कशी गो?” काकी तिच्याकडे वळली. “याच घरात राहावी म्हटल्यार सगळ्यांत मोठ्यान होय कोणी म्हटल्यान?”

सुभद्राने खूप विचार केला. मग ती चुलीकडे गेली आणि तिने भांडी जोरजोरात आपटायला सुरुवात केली.

गाडी वाचली. बाबलीने आलेल्या लिंकवर मुकाट्याने पैसे भरले. आनंद व्हायला हवा होता आणि तो होतही होता, पण जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्याला भावात हरवलं होतं. ते काही केल्या पचेना. फोन ठेवता ठेवता त्याने पुन्हा कानाला लावला.

“बाय, खरां सांग. तू खंयची गो?”

पलीकडे ते पुस्तकातलं मराठी हसायला लागलं.

“धामापूरची, काका. आमच्या गावात गाऱ्हाणा माझो आजो घालता.”