दुसऱ्या बाकावरचा हात

"तांड्यावरच्या लेकरांना आधी विचारा मॅडम," विजयकुमार सर म्हणाले. "तिथं घरोघरी दारूची भट्टी."

सकाळच्या सेनगाव बसनं आलेल्या शिवकन्या मॅडम दवाखान्यात समुपदेशक होत्या. सरांनीच त्यांना बोलावलं होतं. आई-बापाच्या दारूची झळ लागलेली मुलं हुडकायची, मग दर आठवड्याला येऊन त्यांच्याशी बोलायचं, हे त्यांचं काम.

"सगळ्यांनाच विचारते. तुम्ही बाहेर थांबलात तर बरं होईल सर."

"मी नसलो की वर्ग डोक्यावर घेतील." सर दाराशीच उभे राहिले. मॅडमनी आग्रह धरला नाही.

बाप पितो का, असं त्यांनी आठवीच्या वर्गाला विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "बाबा घरी आले की नुसत्या आवाजावरून कोणाला कळतं, आज जवळ जायचं का नाही?"

पुजा राठोडनं लगेच हात वर केला.

"हिचा बा तर गाणं म्हणतच येतो," मागून वसराम ओरडला. "साऱ्या तांड्याला कळतंय!"

"तुझा तर येतबी न्हाई. उचलून आणावा लागतो."

वर्ग हसला. हसत हसत वसरामचाही हात वर गेला. सरही हसले.

मग दुसऱ्या बाकावरचा एक हात हळूहळू वर येऊ लागला. शिलाचा. सरांच्याच लेकीचा.

सर खाकरले. मुद्दाम नव्हे. पण रोज संध्याकाळी बाटली संपवून मागच्या खोलीतून बाहेर येताना ते असेच खाकरत, आणि स्वयंपाकघरातलं बोलणं थांबे.

शिलाचा हात खांद्यापर्यंत आला आणि वेणीकडे वळला. ती रिबन घट्ट करू लागली.

"हात वर केलेल्यांनी माझ्याबरोबर चला," मॅडम म्हणाल्या. पुजा, वसराम आणि आणखी काही जण एकमेकांना ढकलत व्हरांड्यात गेले. शिलानं पुस्तक उघडलं.

बाहेर थांबायला काय झालं होतं आपल्याला, असं सरांच्या मनात आलं. ते तिच्या बाकापाशी गेले. आवाज जमेल तितका मऊ केला.

"शिला, तूपण जा, माय."

ती ताडकन उभी राहिली. शाळेत ती त्यांना कायम सर म्हणायची.

"मी काहीच सांगितलं न्हाई, बाबा."