नांगर वळतो तिथं

"तिथं खणू नको, माय," कस्तुराबाई म्हणाल्या, तेव्हा राजेश्रीचं खुरपं जमिनीला टेकलंच होतं.

झरीच्या शिवारातलं तुरीचं वावर. मधोमध बाजेएवढी जागा मोकळी. टणक, उघडी जमीन. तिच्यावर दाभणानं टोचल्यासारखी भोकं होती आणि त्यांतून इवल्या माश्या आत-बाहेर करत होत्या.

राजेश्री परभणीला शेतीचं शिकत होती. घाममाश्या जिल्ह्यात कुठं कुठं राहतात, हे बघत ती पिंगळीपासून येलदरीपर्यंत हिंडली होती.

"काही करत नाहीत त्या, काकू. घाम चाटायला अंगावर बसतात, तेवढंच. घर जमिनीत करतात, पण नांगर फिरला की घर मोडतं. म्हणून बांधालाच सापडतात. भर वावरात मी पहिल्यांदाच बघतेय. ही जागा का सोडली तुम्ही?"

कस्तुराबाई कडेला बसल्या. "माझी पोरगी हाय तिथं. पयली. बारसं बी झालं नव्हतं. मालकानं कदी औत घातलं न्हाई. आता ट्रॅक्टर येतो, त्यो बी वळसा घालून जायलाय."

राजेश्रीनं खुरपं मागं घेतलं. तिनं विचारलं, "मग तिकडं खणू का? विहिरीच्या अंगाला? तिथंही आहेत माश्या."

"तिथं खण की. तिथं खडक हाय. फाळ मोडतो म्हणून मालक सोडून देत्यात."

"खडक नाही, काकू. सकाळी मी सळई घालून बघितली. हातभर खाली गेली. मातीच आहे."

किशनराव पाहुण्या पोरीसाठी विहिरीवरून पाण्याची कळशी घेऊन येत होते. ते तुरीतच थांबले.

"अहो," कस्तुराबाई म्हणाल्या, "हिरीपाशी काय हाय?"

"खडक."

"पोरगी म्हणायलीय, मातीच हाय."

किशनरावांनी कळशी खाली ठेवली. त्यांनी बायकोकडं बघितलं नाही. राजेश्रीकडं बघितलं.

"सळईला काही लागलं का?"

"नाही, काका."

ते खाली बसले.

कस्तुराबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. दुसऱ्या बाळंतपणाला ऑपरेशन झालं होतं. शुद्ध आली तेव्हा पाळणा रिकामा होता. लेकरू मेलेलंच जन्मलं, पोरगी होती, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

"तुमी म्हणले होते, दवाखान्यातच उरकलं."

"त्यायनी माझ्या हातात दिली. परक्या गावात कुठं ठिवू? घिऊन आलो. पयलीच्या जवळ."

"आन मला सांगितलं न्हाई."

"तू रोज उठून पयलीपाशी येऊन बसायचीस. जेवायची न्हाईस, बोलायची न्हाईस. आनिक एक जागा तुला कशी दावू?"

तुरीवरून वारा गेला. शेंगा वाजल्या. राजेश्री उठून बांधाकडं जायला निघाली. कस्तुराबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

विहिरीपाशी त्या किती वेळा बसल्या होत्या. भाकरी सोडली होती. खुरपताना दमून त्या जागेवर पाठ टेकली होती. खडक म्हणून.

"कशी आणली?"

"यष्टीनं. टावेलात गुंडाळून. मांडीवर घिऊन बसलो होतो."

"कुणी काही म्हणलं न्हाई?"

"सगळ्यायला वाटलं, झोपलीय."

कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला, पण रडणं आलं नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "तोंड कसं होतं तिचं?"

किशनरावांनी मातीतल्या त्या भोकांकडं बघितलं.

"बाजूला एक बाई बसली होती. म्हणली, गार वारं सुटलंय, लेकराचं तोंड झाकून घ्या," ते म्हणाले. "म्हणून झाकलं. मंग पुन्ना उघडलंच न्हाई."