शेडचा उदाराम

फुटबॉलच्या हाफटाइमला गोरा फोरमन उदारामजवळ आला आणि भातगिरणीच्या संघातल्या उंच पोराकडे छडी रोखून म्हणाला, "उसको बिठा दो."

बसवणं म्हणजे पाय मोडणं, हे गोंदियात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. रेल्वेच्या इंजिन शेडमधली नोकरी उदारामने अकरा वर्षं याच कामावर टिकवली होती. गोल तर तो मारायचाच, पण लोक आमगाव-तिरोड्याहून यायचे ते त्याने अनवाणी पायांनी बूटवाल्यांना लोळवलेलं बघायला. ज्यांचे पाय गेले त्यांची नावंही कुणी विचारली नाहीत. उदारामनेही नाही.

आज मात्र तो उंच पोरगा शालीकराम होता, उदारामच्या बायकोचा धाकटा भाऊ. गिरणीमालक गुलाबचंद शेठनी त्याला खेळासाठीच गिरणीत घेतलं होतं, तेही अजून कच्च्या हजेरीवर, नोकरी पक्की नव्हती. कुंपणापाशी रुख्मा उभी होती. नवऱ्याकडे बघावं की भावाकडे, हे तिला कळत नव्हतं. फोरमनचं ऐकलं नाही तर सोमवारी शेडचं फाटक बंद, हे उदाराम जाणून होता. वय बत्तीस, आणि दुसरं काही येत नव्हतं.

खेळ पुन्हा सुरू झाला. गिरणीच्या एकाचं नाक फुटलं, शेडच्या एकाचे दोन दात चिखलात गेले. पंचाने दोन्ही वेळा दुसरीकडे बघितलं.

मग चेंडू नेमका दोघांच्या मधे आला. शालीकराम सरळ धावत आला, नडगी उघडी टाकून. उदारामने पाय उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा मागे घेतला.

शालीकरामने घेतला नाही. बूट गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज कुंपणापर्यंत गेला. उदाराम चिखलात आडवा झाला आणि लोक टोप्या उडवत नाचू लागले. अकरा वर्षं हेच लोक त्याच्या नावाने नाचले होते. गर्दीला लाज म्हणून नसते.

शालीकराम त्याच्याजवळ बसला.

"मले शेठनं सांगतलं होतं, भाऊजी," तो म्हणाला. "तुमाले बसवलं नाई तं उद्यापासून येऊ नोको म्हणे."

रुख्मा कुंपण ओलांडून पळत येत होती. उदारामने वाकडा झालेला पाय दोन्ही हातांनी दाबून धरला, आणि ती जवळ पोचायच्या आत हळूच विचारलं,

"मंग आता पक्की होईन ना तुही नोकरी?"