उचलायचा मान

वधूच्या खोलीत दिगंबरमामा दोन्ही तळवे छताकडे नेऊन सावकाश आकाश पेलत होता. चीगाँग या संथ चिनी व्यायामात त्या प्रकाराला तसंच म्हणतात. त्याआधी हलका योग म्हणून बालासन झालं होतं, आणि त्यातून त्याला दोन करवल्यांनी ओढून बाहेर काढलं होतं.

"मामा, राहू दे. मी येते की चालत," नवरी म्हणाली.

"गप्प बस. आपल्यात मामाच भाचीला उचलून मांडवात नेतो. तुझे वडील गेले तेव्हा ताईला शब्द दिलाय मी."

दिवाळीपासून तो दुखऱ्या कंबरेसाठी हे सगळं करत होता. योगाच्या बाई म्हणायच्या, कंबर सुधारतेय, फक्त जड काही उचलू नका. भाचीचं वजन विचारायची त्याची हिंमत झाली नव्हती.

बाहेरून गुरुजींची हाक आली. मामा वाकला, भाचीच्या गुडघ्यांमागे हात घातला आणि तिथेच अडकला. ना वर, ना खाली.

"ताईला काय तोंड दाखवू?" तो फरशीला म्हणाला. डोळ्यांतलं पाणी सरळ फरशीवर पडलं.

भाची अग्निशमन दलात होती. तिने शालू खोचला, जळत्या घरातून माणसं काढतात तसं मामाला खांद्यावर टाकलं आणि निघाली.

मांडवात सनई थांबली. गुरुजी म्हणाले, "अहो, मामाने वधूला उचलून आणायचं असतं."

"उचलूनच आलोय," मामा लटकल्या लटकल्या म्हणाला. "मुहूर्त टळतोय, सुरू करा."

समोर ताई तोंडाला पदर लावून उभी होती. ती हसतेय की रडतेय, ते उलटं बघून कळत नव्हतं.