पूर्वेची भिंत

"या घरात आता एक तर दीन-ईमान राहील, नाही तर कोरिया!" इफ्तारला बसताना दाऊदचाचांनी जाहीर केलं, आणि जहाजावर नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं कोरियाहून आणलेल्या नूडल्सवर उकळतं पाणी ओतून वर ताटली झाकली.

हा टोला पुतणी इन्शिराहला होता. पाच कोरियन गायकांची पोस्टर्स तिनं मुद्दाम पूर्वेच्या भिंतीवर लावली होती, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून नमाजाला उभं राहिलं की ती पाठीमागे राहत. चाचांना ही सोय मंजूर नव्हती. "रोजा सुटला की उतरव ती. आणि गाण्यांपायी शिकलेली ती काड्या-गोळ्यांची कोरियन लिपीही विसर. कुणाच्या कामाची आहे?"

अजानला दोन मिनिटं होती. चाचांनी वाडगा जवळ ओढला, तेवढ्यात तिची नजर फाडलेल्या पाकिटावर गेली.

"चाचा, थांबा! यात डुकराची चरबी आहे."

"अस्तगफिरुल्लाह! कुठं लिहिलंय?"

"इथं. काड्या-गोळ्यांत."

चाचांनी खजुरावर रोजा सोडला. नमाज होताच उरलेली सगळी पाकिटं त्यांनी तिच्यापुढे मांडली. काजीच्या थाटात एकेक वाचून इन्शिराहनं पाच नापास केली, सात पास. पास झालेल्यांतलं एक चाचांनी तिथंच फोडलं. उद्यापासून मोहल्ल्यातल्या सगळ्यांची पाकिटं हिच्याकडेच तपासायला येतील, हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

"पोस्टर्स राहू देत," नूडल्स फुंकत ते म्हणाले. मग भिंतीकडे बघून आवाज खाली आणला. "फक्त त्या मधल्या पोराच्या उघड्या शर्टाला पेनानं दोन बटणं रंगवून दे."